५२ पात्यांचा थ्रेड गेज : सूत आणि मिलिमीटर एकाच डब्यात असलेल्यांसाठी

ट्रॅक्टरवरून काढलेला अडीच सुताचा, म्हणजे ५/१६ इंचाचा बोल्ट आणि दुकानातून आणलेला एम ८ चा, म्हणजे ८ मिमीचा मेट्रिक बोल्ट शेजारी ठेवा. दोघांच्या डोक्याला १३ चा पाना बसतो. व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं हत्यार, लावला तर एक ७.८४ मिमी दाखवतो, दुसरा ७.८८. रंग तोच, लांबी तीच. एकाचा नट दुसऱ्यावर एक-दीड फेरा सरळ चढतो आणि मग अडकतो. बहुतेक वेळा या ठिकाणी ‘नवा आहे, घट्ट जातोय’ असं समजून पाना लावला जातो, आणि आटे जातात ते इथेच. बोल्टचे गेले तर दहा रुपयांचं काम. बिडाच्या हाउसिंगमधले गेले तर हाउसिंग लेथवाल्याकडे न्यावं लागतं.

हा घोळ तीस सेकंदांत मिटवणारं हत्यार म्हणजे थ्रेड गेज, आट्यांवर धरून बघायच्या दातेरी पात्यांचा जुडगा. काही जण त्याला चुडी गेज म्हणतात. इथे परीक्षण आहे ते ५२ पात्यांच्या जोडगेजचं : एका बाजूला २४ पाती मेट्रिक, ०.२५ ते ६ मिमी पिचची (पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर), ६० अंश कोनाची (हा कोन आट्याच्या दोन उतारांमधला). दुसऱ्या बाजूला २८ पाती इंची, ४ ते ६२ आटे प्रति इंच, ५५ अंश कोनाची. हा प्रकार बाजारात वेगवेगळ्या शिक्क्यांनी मिळतो, साध्या बनावटीचा काही शे रुपयांत. पात्यांची मापं तीच असतात, फरक पडतो तो दात किती सफाईने कापलेत याचा. त्यामुळे परीक्षण या प्रकाराचं आहे, एखाद्या शिक्क्याचं नाही.

खानदेशात याची गरज जास्त पडते, कारण एकाच शेतकऱ्याच्या शेडमध्ये चार पिढ्यांचे आटे नांदतात. रावेर-यावल पट्ट्यातलं केळीचं शेत घ्या. सबमर्सिबलच्या कॉलम पाइपच्या फ्लँजचे बोल्ट मेट्रिक. ठिबकच्या फिल्टरचे, बॉल व्हॉल्व्हचे आटे पाइपाचे, म्हणजे बीएसपी. जुन्या ट्रॅक्टरवर यूएनसी आणि यूएनएफ, म्हणजे अमेरिकी वळणाचे जाड आणि बारीक इंची आटे. आणि कोपऱ्यात पडलेलं स्लो-स्पीड तेल इंजिन असेल तर त्यावर व्हिटवर्थ आणि बीएसएफ, म्हणजे जुने इंग्रजी जाड आणि बारीक आटे. जळगाव, धुळे, शिरपूरकडच्या जिनिंगमध्ये जुन्या-नव्या यंत्रांची सरमिसळ असली की हेच चित्र. त्यात दुकानातला नट-बोल्टचा व्यवहार किलोवर, आणि उरलेला माल घरी एकाच पत्र्याच्या डब्यात.

भाषाही घोळ घालते. भारताने १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा केला, मेट्रिक आट्यांसाठी आयएस ४२१८ हे मानक आहे, पण काउंटरवर मागणी अजून सुतातच होते. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. दोन सूत म्हणजे पाव इंच, अडीच सूत ५/१६, तीन सूत ३/८, चार सूत अर्धा इंच, पाच सूत ५/८, सहा सूत पाऊण. सूत फक्त जाडी सांगतं, आटे सांगत नाही. ‘अडीच सुताचा बोल्ट द्या’ म्हटल्यावर साध्या एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) मालात सहसा व्हिटवर्थ आट्यांचा बोल्ट मिळतो. तो ट्रॅक्टरच्या यूएनएफ भोकात जाणार नाही, कारण ५/१६ व्हिटवर्थला इंचात १८ आटे आहेत आणि ५/१६ यूएनएफला २४. दुकानदाराने दिलं ते बरोबरच दिलं. मागणीच अर्धवट होती.

आता वापर. गेजवर सर्वांत मोठा अन्याय होतो तो मळक्या आट्यांवर लावून. काळ्या मातीत ग्रीस मिसळलं की ते आट्यांच्या तळाशी दगडासारखं बसतं, पातं खोलवर जातच नाही, आणि तीन-चार पाती ‘जवळपास बसतात’. आधी डिझेल आणि तारेचा ब्रश. मग बोल्टचा जो भाग कधी नटात नव्हता तो शोधायचा, बहुधा टोकाचे शेवटचे चार-पाच आटे सोडून थोडं आत. टोकाचे आटे हातोडी खाऊन बसलेले असतात. व्हर्नियरने बाहेरचा व्यास घ्यायचा. मग पातं बोल्टच्या अक्षाला अगदी समांतर धरून उजेडाकडे पाहायचं. दातांच्या दोन्ही उतारांवर उजेड दिसता कामा नये आणि पातं डोलता कामा नये. तिरपं धरलं तर कुठलंही पातं चुकीचं वाटतं.

व्हर्नियरचा आकडा वाचताना एक गोष्ट माहीत हवी : बोल्ट कधीच पूर्ण मापाचा नसतो. नटात शिरायला जागा लागते म्हणून साध्या वर्गातला एम ८ बोल्ट ७.७६ ते ७.९७ मिमी भरतो, एम १० चा ९.७३ ते ९.९७, एम १२ चा ११.७० ते ११.९७, एम १६ चा १५.६८ ते १५.९६. ‘१२ चा असता तर १२ भरला असता’ म्हणून ११.८ च्या बोल्टला इंची ठरवणं ही नेहमीची चूक. डिजिटल व्हर्नियर वापरत असाल तर मे महिन्यात तो ट्रॅक्टरच्या सीटवर उघड्या उन्हात ठेवू नका, पडदा काळवंडतो आणि आकडेच दिसेनासे होतात.

या गेजचा खरा गुण आणि खरी मर्यादा दोन्ही पुढच्या आकड्यांत आहेत.

जिथे व्हर्नियर फसतो तिथे गेज वाचवतो. ५/१६ आणि एम ८ वर सांगितलेच. ५/८ आणि एम १६ ची जोडी तशीच. पाच सुताचा यूएनसी बोल्ट १५.५ ते १५.८ भरतो, म्हणजे एम १६ च्या हद्दीत घुसतो. त्याचं डोकं १५/१६ इंच, २३.८ मिमी, म्हणजे २४ चा पाना बसतो, आणि एम १६ चा पानाही २४ च. पण ५/८ ला इंचात ११ आटे, पिच २.३०९ मिमी, एम १६ चा पिच २ मिमी. दहा आट्यांची लांबी घेतली तर २३.१ विरुद्ध २०. गेजवर हा फरक आंधळ्यालाही कळेल इतका मोठा आहे. एम ८ आणि ५/१६ मध्ये दहा आट्यांना १२.५ विरुद्ध १४.१. तिथेही शंका उरत नाही.

आणि जिथे गेज फसतो तिथे व्हर्नियर वाचवतो. इंचात २० आटे म्हणजे पिच १.२७ मिमी. एम ८ चा पिच १.२५. फरक एका आट्याला दोन शतांश. पातं दहा-बारा आटे व्यापतं, तेवढ्यात फरक साचतो पाव मिमी, आणि मळकट आट्यांवर तो दिसत नाही. तसंच १० च्या पात्याचं : पिच २.५४, आणि एम २० चा २.५. पात्यावर सहा-सात दातच बसतात, त्यामुळे दोन्ही पाती ‘बरोबर’ वाटतात. व्यास घेतला की प्रश्न संपतो. एम २० किमान १९.६ भरतो, पाऊण इंची १९.०५ च्या वर जातच नाही.

पाऊण इंचाची ही जोडी सर्वांत घातक आहे, म्हणून तिच्यावर थांबायला हवं. एम ८ आणि ५/१६ निदान अडकतात, म्हणजे इशारा देतात. सहा सुताचा बोल्ट एम २० च्या नटात हाताने पूर्ण जातो, थोडा ढिला लागतो एवढंच. पिचमधला फरक नटाच्या सगळ्या उंचीत जेमतेम पाव मिमी साचतो आणि बोल्ट बारीक असल्यामुळे तेवढी जागा त्याला मिळते. पण आटे एकमेकांत अर्धेमुर्धेच अडकलेले असतात. भार आला की टोकं कापली जातात आणि नट तसाच्या तसा निघून येतो. तीन सुताचा बोल्ट एम १० च्या नटातही तीन-चार आटे बिनतक्रार जातो, तिथे हीच गोष्ट.

चाकाच्या स्टडवर तर जीवाशी गाठ आहे. मारुतीच्या गाड्यांचे स्टड एम १२ × १.२५, म्हणजे जाडी १२ आणि पिच १.२५. जुन्या जीपचे अर्धा इंच, २० आटे. त्या जीपचा नट मारुतीच्या स्टडवर शेवटपर्यंत चढतो, कारण १.२५ आणि १.२७ मधला फरक एवढ्या उंचीत जाणवत नाही आणि स्टड ०.७ मिमीने बारीक आहे. नट चढला म्हणजे जुळला असं नाही. जुळलेला नट हाताने फिरतो आणि बाजूला हलवून पाहिला तर खुळखुळत नाही. या दोन्ही गोष्टी तपासायच्या.

तीन सुताच्या पुढे पान्याचा अंदाज किती फसवा आहे हेही लक्षात घ्या. अर्धा इंची यूएनसीचं डोकं पाऊण इंच, १९.०५ मिमी, एम १२ ला आपल्याकडे अजून १९ चं डोकं सर्रास मिळतं, नव्या मानकाचं १८ चं. म्हणजे १९ चा पाना बसला यावरून काहीच सिद्ध होत नाही. एम १० चं तसंच, जुन्या घडणीचं १७, नव्या घडणीचं १६. जुन्या इंग्रजी पान्यांवर तर डोक्याचं माप लिहिलेलंच नसतं, त्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो. १/४ डब्ल्यू लिहिलेला पाना प्रत्यक्षात १३.३ मिमीचा असतो. पान्यावरून आटे ओळखायची सवय सोडलेली बरी.

काही पाती मात्र एकदा बसली की जवळजवळ निकालच देतात. १९ चं पातं बसलं तर तो पाव किंवा ३/८ इंची बीएसपी पाइपाचा आटा. ८ मिमीच्या बोल्टवर २२ बसलं तर ५/१६ बीएसएफ, म्हणजे जुन्या इंग्रजी घडणीचं इंजिन. ६ मिमीच्या आसपास २६ बसलं तर पाव इंची बीएसएफ. अर्धा इंचावर १२ बसलं तर व्हिटवर्थ, १३ बसलं तर यूएनसी, १६ बसलं तर बीएसएफ, २० बसलं तर यूएनएफ. पाव ते पाऊण इंचात अर्धा इंच हा एकच व्यास असा आहे जिथे व्हिटवर्थ आणि यूएनसी पिचवरूनच वेगळे पडतात. पाव इंचाला दोघांचे २०, ५/१६ ला १८, ३/८ ला १६, ५/८ ला ११, पाऊणला १०. तिथे फरक उरतो फक्त कोनाचा.

इथे या गेजची पहिली उणीव समोर येते. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ५५ अंशांचा, माथा-तळ गोल असलेला आटा सुचवला. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून युनिफाइड आटा ठरवला, तो ६० अंशांचा. या जोडगेजची इंची बाजू सगळी ५५ अंशांची आहे. म्हणजे ट्रॅक्टरच्या यूएनसी-यूएनएफ बोल्टवर पिच बरोबर मिळतो, पण पातं उतारांवर पूर्ण टेकत नाही, तिथे बारीक उजेडाची रेघ राहते. माहीत नसेल तर माणूस बसलेलं पातं नापास करतो आणि दुसरं शोधत राहतो. माहीत असेल तर तीच रेघ उपयोगी पडते : पिच जुळला आणि रेघ दिसली तर यूएनसी, रेघ नाही आणि माथे गोल दिसले तर व्हिटवर्थ. नव्या बोल्टवर हे जमतं. झिजलेल्यावर नाही. ज्यांचं काम मुख्यतः ट्रॅक्टरचं आहे त्यांनी ६० अंशांचा इंची गेज वेगळा घ्यावा. ज्यांचं काम पाणी, पाइप आणि जुनी इंजिनं, त्यांना हाच जोडगेज नेमका लागतो, कारण बीएसपीसुद्धा ५५ अंशांचाच.

ग्रीस निप्पल ही बारीक वस्तू, पण त्याने जेवढे आटे मारले जातात तेवढे मोठ्या बोल्टने नाही. निप्पल सहसा चार-पाच प्रकारांत सापडतात : एम ६ × १, एम ८ × १, एम १० × १, पाव इंच २८ आटे आणि १/८ बीएसपी, त्यालाही २८ आटे. १/८ बीएसपी नाव ऐकून तीन मिमीचा वाटतो, प्रत्यक्षात बाहेरून ९.७३ मिमी भरतो, म्हणजे एम १० समजून घेतला जातो. पिच मात्र ०.९०७ विरुद्ध १. त्यावर १ चं पातं धरा, पाचव्या-सहाव्या दाताला ते वर उचललं जातं. आटा इतका आखूड असतो की चुकीचा निप्पलही दोन फेरे पकडतो, ग्रीस गन लावली की दाबाने उडतो.

पाइपाचं प्रकरण वेगळ्याच हिशेबाचं आहे. पाइपाचं माप आतल्या पोकळीवरून पडलेलं नाव आहे, आट्यांच्या जाडीचा त्याच्याशी थेट संबंध नाही. अर्धा इंच बीएसपी बाहेरून २०.९६ मिमी, पाऊण २६.४४, एक इंच ३३.२५, सव्वा ४१.९१, दीड ४७.८०, दोन इंच ५९.६१. आटे अर्ध्या आणि पाऊणला १४, एक इंचापासून पुढे ११. ठिबकच्या फिल्टरवर दीड, दोन किंवा तीन इंची असं काहीही असलं तरी पातं ११ चंच बसणार. म्हणून पाइपासाठी गेज फक्त जात सांगतो, आकार व्हर्नियरने किंवा दोऱ्याने घेर मोजून काढावा लागतो. घेर भागिले ३.१४.

दाबाचा गेज, हायड्रॉलिकच्या नळ्या किंवा बाहेरून आलेला एखादा सेन्सर असेल तर एनपीटीची शक्यता धरा. हा अमेरिकी, ६० अंशांचा, निमुळता आटा. अर्धा आणि पाऊण इंचाला त्याचेही १४ आटेच, म्हणून बीएसपीमध्ये दोन-तीन फेरे छान जातो आणि मग टेफ्लॉन कितीही गुंडाळा, झिरपत राहतो. पाव इंचाला एनपीटीचे १८, बीएसपीचे १९. एक इंचाला साडेअकरा आणि अकरा. या ५२ च्या संचात साडेअकराचं पातं नसतं, ही दुसरी उणीव. निमुळता आहे का हे ओळखायला व्हर्नियर टोकाशी एकदा आणि मुळाशी एकदा लावा. निमुळत्या पाइप आट्यात व्यास दर १६ मिमीला १ मिमीने वाढतो. निमुळता लोखंडी आटा प्लास्टिकच्या सरळ सॉकेटमध्ये पान्याने आवळला की सॉकेट चिरतो. चीर लगेच दिसत नाही, पंप सुरू झाल्यावर दिसते.

स्टार्टरच्या पेटीवरचे केबल ग्लँड एम २० × १.५ असतात, पण जुन्या पेट्यांवर पीजी जातीचे भेटतात. पीजीचा कोन ८० अंश, आटे उथळ. कुठलंच पातं तळाला टेकत नसेल तर हा संशय घ्यावा.

भोकातले आटे मोजणं हे या गेजचं दुबळं अंग. पात्याची रुंदी आड येते. एम १० च्या आटे पाडलेल्या भोकाचा आतला व्यास साडेआठ मिमीच्या आसपास असतो, त्यात पातं सरळ उभं राहत नाही, आणि एम ८, एम ६ मध्ये तर शिरतच नाही. निमुळत्या टोकाची पाती असलेला संच मिळाला तर तो घ्या, थोडं बरं पडतं. नाहीतर दोन उपाय आहेत. एक, खात्रीचे नवे बोल्ट घेऊन हाताने लावून बघायचं : तेल लावून, फक्त बोटांनी, पाना न लावता. सहा-सात फेरे एकसारखे गेले तर जुळलं, दुसऱ्या फेऱ्याला जड झालं तर लगेच उलटं फिरवायचं. दोन, मऊ लाकडाची चपटी काडी आत घालून एका बाजूला दाबून धरायची, काडीवर आट्यांचे वळ उमटतात आणि त्या वळांवर पातं धरून मोजता येतं. वळ पुसट असले तर काडी आधी पाण्यात भिजवावी.

एक फायदा क्वचितच कोणी सांगतं : हाच गेज ताणलेला बोल्ट पकडतो. जास्त आवळलेला बोल्ट वर-खाली ठीक आणि मधेच लांबलेला असतो. पातं टोकाशी बसतं, डोक्याशी बसतं, आणि मधल्या भागात दात आट्यांवर चढून बसतात. असा बोल्ट पुन्हा वापरू नये, तो एकदा ताणला गेला आहे, पुढच्या आवळणीत तुटेल. हेडचे आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट परत बसवण्याआधी ही तपासणी करावीच.

गेज काय सांगत नाही तेही स्पष्ट असू द्या. बोल्टची ताकद तो सांगत नाही, ती डोक्यावर लिहिलेली असते. ८.८ म्हणजे तुटण्याची ताकद ८०० न्यूटन प्रति चौरस मिमी आणि कायमचा ताणला जाण्याची हद्द त्याच्या ८० टक्के, ६४०. ४.६ असेल तर ४०० आणि २४०. म्हणजे त्याच जाडीचा, त्याच आट्यांचा बोल्ट निम्म्या ताकदीचा असू शकतो. इंची बोल्टवर आकड्याऐवजी डोक्यावर रेघा असतात : तीन रेघा ग्रेड ५, सहा रेघा ग्रेड ८. रेघाही नाहीत आणि आकडाही नाही तर तो साधा एमएस समजावा, आणि रोटाव्हेटरच्या पात्याला लावू नये.

आट्यांची दिशाही गेज सांगत नाही. डाव्या आट्याच्या बोल्टवरही पातं तितकंच छान बसतं. बोल्ट उभा धरा : आटे उजवीकडे वर चढताना दिसले तर नेहमीचा, डावीकडे चढले तर डावा. बेंच ग्राइंडरची डावी बाजू, सायकलचं डावं पेडल, गॅस वेल्डिंगच्या ॲसिटिलीनच्या जोडण्या आणि अनेक जुन्या जीपची डावी चाकं ही त्याची ठरलेली ठिकाणं. नटाच्या कोपऱ्यांवर खाच दिसली तर तो डावा असण्याची शक्यता मोठी.

गॅल्व्हनाइज्ड बोल्टवर जस्ताचा थर आट्यांवरही चढलेला असतो. सोलर पंपाच्या सांगाड्यांना हेच बोल्ट येतात. व्हर्नियर जास्त दाखवतो, पातं तळाला टेकत नाही, आणि साधा नट त्यावर चढत नाही. त्याचा नट मुद्दाम मोठ्या टॅपने पाडलेला असतो. तो नट हरवला म्हणून काळा नट टॅप मारून बसवू नका, आणि गॅल्व्हनाइज्ड नट काळ्या बोल्टवर घालू नका, ढिला बसतो. कॉलम पाइपचे चौकोनी आटे, गेट व्हॉल्व्हचा दांडा, जॅकचा स्क्रू यांना हा गेज लागूच होत नाही.

विकत घेताना पेटी उघडायला लावा. एम ८ आणि एम १२ चे ८.८ छापाचे नवे बोल्ट खिशात न्या. १.२५ आणि १.७५ ची पाती त्यांवर धरून उजेडाकडे बघा. मग मुद्दाम १४ चं पातं एम १२ वर धरा, त्याचा पिच १.८१ आहे, ते स्पष्टपणे चुकीचं दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर दात नीट कापलेले नाहीत. पात्याच्या कडेवरून नख फिरवा, पंचिंगचे काटे लागले तर ते आट्याच्या तळाशी आडवे येतात. बारीक कानसेने कडेचा काटा काढता येतो, पण दाताला हात लावू नका. आकडे कोरलेले हवेत. नुसत्या शाईने छापलेले आकडे डिझेलने धुतले जातात. सगळी पाती धरून ठेवणारा स्क्रू असलेला संच रिव्हेटच्या संचापेक्षा चांगला, कारण ढिला झाला तर आवळता येतो. ०.५ मिमीच्या खालची पाती कागदासारखी असतात, ती वाकतातच. त्यांचा शेतीकामात उपयोग नाही, त्यावरून संच नापास करू नका.

व्हर्नियर नसेल तर हा गेज एकटा घेऊ नका, आधी व्हर्नियर घ्या. दोन्ही असतील तर दुकानात मागणी अशी करा : जाडी, पिच किंवा इंचातले आटे, लांबी, ग्रेड. ‘एम १२, पावणेदोनचा, ५० लांब, आठ-आठ’ किंवा ‘चार सूत, तेरा आटे, दोन इंच, तीन रेघांचा’. लांबी डोक्याखालून मोजायची, चपट्या बुडत्या डोक्याच्या स्क्रूची मात्र डोक्यासकट.

संच साध्या पोलादाचा असतो आणि पहिल्या पावसाळ्यातच गंजतो. गंजाचे कण दातांत बसले की मोजणी बिघडते. काम झालं की पाती पंख्यासारखी उघडून पुसा, मशीन ऑइलचा हात द्या आणि तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवा. डब्यातला जुना माल एकदा बसून वेगळा करा. ओळखलेल्या प्रत्येक जातीचा एक-एक नट जाड तारेत ओवा, त्याला पत्र्याची चकती बांधून खिळ्याने आकडा ठोका, आणि तार व्हाइसच्या वर टांगून ठेवा. पुढच्या वेळी निम्मे बोल्ट गेज न काढताच ओळखले जातात, आणि गेज काढावा लागतो तो फक्त ५/१६ आणि ५/८ च्या वेळी. पाऊणला व्हर्नियर.